वाफसा येऊ दे

सत्त्याण्णव साली मी मखमलाबादहून बडोद्याला निघाले, तेव्हा दादा, म्हणजे माझे वडील, टेम्पोत झेंडूचे क्रेट चढवत होते. त्यांनी ठरवलेलं स्थळ मोडून मी एका कारखान्याच्या स्टोअरमधली नोकरी घेतली होती. मी पाया पडले. ते दोरी आवळत राहिले. सीबीएसच्या एसटी स्टँडपर्यंत एकटी आई आली. एसटी सुटताना म्हणाली, "पोचलीस की शेजारी फोन कर. दादांना बोलवायला सांगू नको."

मी कामं मार्गी लावणारी. खोली, गॅस, बँकेचं खातं, गुजराती अक्षरं, एकेक उरकत गेले. ऑफिसात 'बेन' झाले, भाजीला शाक म्हणायला लागले. यादीत एकच काम खोडलं जात नव्हतं, दादांशी बोलणं. दर रविवारी एसटीडी बूथवरून आईला विचारायचे, येऊ का? तिचं ठरलेलं उत्तर, "आत्ता नको. वाफसा येऊ दे." मला त्यातलं 'नको' तेवढं ऐकू यायचं. वर्ष उलटलं. दादांनी माझं नाव टाकलं, असंच मी धरून चालले.

मग मराठी मंडळाच्या कार्यक्रमाची व्यवस्था माझ्याकडे आली. एका सभासद आजोबांची कविता मी ऑफिसात टाइप करत होते:

पाऊस सरला, पाय आवर,
मातीला श्वास घेऊ दे;
वाफसा आला, उंबरा सोड,
बांधाला हाक देऊ दे.

शेजारच्या टेबलावरच्या नीताबेननी विचारलं, वाफसा म्हणजे वाफ का? मी समजावलं, ओल्या रानात शिरलं तर चिखल तुडवला जातो, त्याची ढेकळं होतात. पाणी मुरून माती मोकळी व्हायची वाट बघायची. त्या पादरा गावाकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. लगेच म्हणाल्या, "अच्छा, वराप! पण वराप नीकळी जाय ने बेन, पछी जमीन पथ्थर."

माझा हात थांबला. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. वाफसा जातोही, मग जमीन दगड होते. मी थांबण्याचाच अर्थ घेऊन बसले होते.

दुसऱ्या दिवशी आईला न कळवता निघाले. सापुताऱ्याच्या घाटात दोनदा वाटलं, उतरावं आणि परत फिरावं.

दादा शेवंतीत होते. मी बांधावरून हाक मारली. त्यांनी मान वर केली. "तिथंच थांब," म्हणाले. मी एक पाऊल मागे घेतलं. "कालच पाणी दिलंय."

मग तेच सरी ओलांडत बाहेर आले. बांधाच्या दगडावर पायाचा चिखल खरवडत राहिले, माझ्याकडे न बघता.

"त्या स्थळाच्या पोराचं लग्न झालं," शेवटी म्हणाले. "लय बोलतो म्हणे. बरं झालं."

आता माझं घर, मुलं, रेशनकार्ड, सगळं बडोद्याचं. तुमच्यातले जे बाहेर पडले ते अजून विचारत असतील, येऊ का? जे मागे राहिले ते उत्तर शोधत असतील. मी विचारत नाही. सीबीएसला उतरते आणि मग घरी फोन करते, एक भाकरी वाढव म्हणून.