मोरीचं दावं

दावं बांधावं तर केरबानंच, असं अख्खं गाव म्हणायचं. जनावरानं कितीही हिसडे मारले तरी त्याची गाठ सुटायची बिशाद नव्हती. कुणाचं वासरू ओढाळ निघालं की केरबाला बोलावणं यायचं आणि गडी मिशीत हसत जायचा.

महापुराच्या त्या सकाळीही त्यानं आपल्या म्हशीला, मोरीला, तशीच गाठ मारली. कृष्णेचं पाणी गोठ्याच्या उंबऱ्याला लागलं होतं आणि माणसं न्यायला होडी दारात आली होती. शेजारचा भाऊसो विळ्यानं आपल्या म्हशीचं दावं कापत होता. तो ओरडला, "सोड रं तिला केरबा, पवून जाईल ती!"

"सोडली तर व्हावून जाईल," केरबा म्हणाला. "आमच्या गोठ्यात गुडघ्याच्या वर पाणी चढलंय का कवा? सांजच्याला येतोच की मी." मोरीच्या दाव्याला त्यानं आणखी एक पीळ दिला आणि तो होडीत चढला. होडी वळेपर्यंत मोरी त्याच्याकडं बघत होती. ती ओरडलीसुद्धा नाही.

सांजेला परतायला होडी मिळाली नाही. पाणी छपरावरून गेलं. पूर ओसरला तेव्हा मोरी खुंट्यापाशीच सापडली. गाठ शाबूत होती.

मग पंचनामा झाला. मेलेलं जनावर समोर दिसलं, कानातला बिल्ला जुळला, की मदत मंजूर. केरबाच्या मोबाईलवर पैसे जमा झाल्याचा मेसेज आला. भाऊसोची म्हैस काही सापडली नाही, म्हणून त्याला छदामही मिळाला नाही. आता याला काय म्हणावं? ज्यानं सोडली त्याचे हात रिकामे आणि ज्यानं बांधून मारली त्याला भरपाई! लोक वर केरबाला नशीबवान म्हणायला लागले.

धारेच्या वेळेला रिकाम्या गोठ्यातून दावं ताणल्याचा आवाज यायचा. केरबाच्या बायकोला, बनुबाईला, तो कधी ऐकू आला नाही. केरबा मात्र हातातला घास ताटात टाकून उठायचा.

एक दिवस तो भाऊसोकडं गेला. "निम्मं पैसं तू घे गड्या."

"नगं रं," भाऊसो म्हणाला. "माझी सुटलीया. नदीच्या खाल्लाकडं कुणाच्यातरी रानात चरत आसंल." तो हे अगदी मनापासून बोलत होता. केरबाला त्याचा इतका हेवा वाटला, की तिथं उभं राहवेना.

घरात दूध नाही म्हणून शेवटी बनुबाईनंच हट्ट धरला आणि त्याच पैशांतून म्हैस घ्यायला दोघं बाजारात गेली. विकणारा आपलं दावं कधी देत नसतो, घेणाऱ्यानं स्वतःचं न्यायचं असतं. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, आणि केरबा गेला होता मोकळ्या हातानं! दावं बनुबाईनंच विकत घेतलं.

घरी आल्यावर तिनं म्हैस खुंट्याला बांधली आणि तिच्यापुढं ठेवायला आंबोणाची पाटी आणायला आत गेली. बाहेर येऊन बघते तर खुंटा मोकळा. केरबा म्हशीच्या पायाशी बसला होता आणि दाव्याचं टोक त्याच्या मनगटाला बांधलेलं होतं. आभाळ भरून आलं होतं.

"आवं, ह्ये काय? खुंट्याला बांधा की तिला."

"न्हाई."

"मग आसंच बसून ऱ्हाणार व्हय?"

"आता पाणी आलं, तर मला एकट्याला होडीत चढता यायचं न्हाई," केरबा म्हणाला.

बनुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती खाली बसली आणि त्याच्या मनगटाची गाठ सोडवायला लागली. ती सुटेना.