बायबलबाईंचं तिसरं ‘नको’

बायबलबाईंना चहा हवा असला की त्या आधी दोनदा ‘नको’ म्हणत. पहिलं ‘नको’ रीत म्हणून, दुसरं घरच्या बाईला त्रास नको म्हणून. तिसऱ्यांदा विचारलं की ‘बरं, टाक अर्धा कप’ म्हणायच्या आणि भरून कप घ्यायच्या. तिसऱ्यांदाही ‘नको’च आलं तर मात्र ते खरं धरायचं. भूममधल्या घराघरांना हे पाठ होतं. बाजारातली बांगडीवाली शमीम तर त्यांना लांबून येताना बघूनच आधण ठेवायची.

आमच्या चर्चच्या मंडळीत त्यांना नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. पूर्वी गावोगाव फिरून बायकांना वाचायला शिकवणाऱ्या, पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, गोष्टी सांगणाऱ्या बाईला मिशनकडून पगार असे, तिला बायबलबाई म्हणत. पगार बंद झाला, पद मोडलं, बाई मात्र शेवटपर्यंत फिरत राहिल्या. संडे स्कूलमध्ये वचनं पाठ झाली नाहीत म्हणून त्यांनी माझा कान पिरगळलेला आहे. पुढं मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायला लागलो, पोरं मला सर म्हणायला लागली, पण बाईंच्या लेखी मी दान्याच. एवढं फिरूनही त्यांचं जग म्हणजे भूम, परंडा, बार्शी आणि लांबात लांब सोलापूर. आज बाई नाहीत, म्हणून हे लिहितोय. असत्या तर म्हणाल्या असत्या, दुसरं काय काम न्हाय व्हय रं तुला?

केनियातल्या एका खेड्यातल्या मंडळीनं आमच्यातल्या पाच जणांना दोन आठवड्यांसाठी बोलावलं, तेव्हाची ही गोष्ट. मला असल्या दौऱ्यांचं कौतुक नाही. “इथं नळाला पाणी नाही, आणि आम्ही निघालो केनियाला सुवार्ता सांगायला,” असं मी उपासनेनंतर सगळ्यांसमोर बोललोही. बाई शांतपणे म्हणाल्या, “सांगायला न्हाय रं दान्या, भेटायला. घरातल्या घरात कोण कुणाला काय सांगतंय?” झालं. जाणाऱ्यांची तयारी करून घ्यायचं काम त्यांच्याकडं आलं आणि मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावून तिकडच्या पाळकांशी बोलायचं, म्हणजे दुभाष्याचं, काम माझ्या गळ्यात पडलं.

प्रत्येकानं तिथं आपली साक्ष द्यायची होती, म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगायचं. टेम्पो चालवणारा याकोब उभा राहिला आणि त्यानं चुलत्याशी झालेल्या बांधाच्या भांडणापासून सुरुवात केली. बांध काही संपेना. बाईंनी टाळ वाजवून त्याला थांबवलं. “आरं, तुझा चुलता आन् त्याचा बांध तिकडच्यांनी काय डोक्यावर घ्यायचा? दारू कशी सुटली तेवढं सांग आन् बस खाली.” याकोबची साक्ष दोन मिनिटांवर आली, आणि खरं सांगतो, पहिल्यांदाच ऐकावीशी वाटली.

मग तो कोंबडीचा घोटाळा झाला. तिकडच्या पाळकांनी फोनवर विचारलं, तुम्ही आमच्या घरी उतरणार, तुमच्यासाठी कोंबडी करायची ना? आमची माणसं एका सुरात म्हणाली, “नको नको, कशाला तसदी!” पाळक बिचारे सज्जन. त्यांनी मान डोलावली आणि शेजारी बसलेल्या बायकोला सांगितलं की पाहुणे कोंबडी खात नाहीत. मी हे मराठीत सांगितलं तेव्हा याकोबचा चेहरा बघण्यासारखा झाला. “दोन आठवडे?” एवढंच तो म्हणाला.

त्या दिवशी बाईंनी नियमच घालून दिला. “तिथं कुणी तीनतीनदा विचारणार न्हाय. एकदा विचारतील, तवाच व्हय म्हणायचं. लाजला त्यो उपाशी.” नुसता नियम नाही, सरावसुद्धा. दर बैठकीला शेंगांच्या लाडवांचं ताट घेऊन त्या रांगेनं फिरायच्या. “घेतो का?” जो ‘नको’ म्हणेल त्याच्यापुढून ताट सरळ पुढं जायचं, परत यायचं नाही. धडधाकट माणसं ताटाकडं मान वळवून बघत बसायची. मी दुभाष्या, माझा त्यात संबंध नव्हता, तरी माझेही दोन लाडू असेच गेले.

जायला निघालेल्या पाच जणांतल्या एकाची लेक बाळंतपणाला माहेरी आली आणि एक जागा मोकळी झाली. सगळ्यांचे पासपोर्ट काढले तेव्हा बाईंनी आपलाही काढून घेतला होता, “गेलेच हुते संगं, म्हणलं माझाबी काढा.” आणि आता त्यांनी पांढरे बूट आणले. गुडघ्याला बरे असतात म्हणे. ते घालून रोज संध्याकाळी चर्चभोवती फेऱ्या सुरू झाल्या. गुडघ्याचं दुखणं मी तोवर ऐकलं नव्हतं.

बोलावण्याच्या पत्रात नावं घालायची होती म्हणून पुढच्या रविवारी फोन लागला. चार नावं झाली. पाळकांचं लक्ष मागं बसलेल्या बाईंकडं गेलं. त्यांनी मला इंग्रजीत विचारलं, “या आई येतील का? आमच्याच घरी राहतील.” मी बाईंना सांगितलं. बाईंचं तोंड असं काही उजळलं! आणि त्याच उजळल्या तोंडानं त्यांनी मान हलवली, हातही हलवला. “नको रं बाबा. म्या म्हातारी कुठं? पोरांना जाऊ द्या.”

मला काही सांगावंच लागलं नाही. हलणारी मान आणि हात पाळकांनी पाहिला होता. त्यांनी छातीवर हात ठेवून नम्रपणे मान झुकवली आणि पुढच्या विषयाला लागले. बाई मोबाईलच्या पडद्याकडं बघत थांबल्या होत्या, दुसऱ्या विचारण्याची वाट बघत. ते आलंच नाही. त्याच आठवड्यात पाचवी जागा अणदूरच्या रूथ नर्सला गेली. हे मला कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं. आपल्या या मेल्या शिष्टाचाराला आग लागो, असं वाटलं.

मी त्यांच्या घरी गेलो तर बाई लाडू वळत होत्या. “सगळ्यांना शिकवलं आन् म्याच नापास,” म्हणून हसल्या. मग हात थांबला. “मला जायचं हुतं रं दान्या. लई जायचं हुतं.”

“मी आत्ता फोन लावतो. रूथला सांगू समजावून.”

“नको.”

“बाई, हे कितवं नको?”

“हे तिसरंच धर,” त्या म्हणाल्या. “त्या पोरीनं समद्या अणदूरला सांगितलं असंल. आता तिच्या ताटातला लाडू काढू व्हय?”

त्यानंतर त्यांनी सर्वांत जास्त मेहनत रूथवर घेतली. तिची साक्ष बसवली, तिला ढोलकीवरची दोन गाणी शिकवली, लाडवांचं ताट तिच्यापुढून दोनदा नेलं.

निघायच्या सकाळी स्टँडवर प्रार्थना झाली. पुण्याची गाडी बार्शीवरून जाणारी होती. सगळे बसले. रूथ खिडकीतून, आपण निघताना म्हणतो तसं, म्हणाली, “चला की बाई तुम्हीपण!”

“व्हय, चल,” बाई म्हणाल्या आणि गाडीत चढल्या. निरोप द्यायला चढल्या असतील असं आम्हाला वाटलं. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी सुटली. रूथच्या खिडकीत आता बाई बसलेल्या दिसल्या, आमच्याकडं हात हलवत.

संध्याकाळी त्या बूट घालून माझ्या दारात हजर.

“कुठवर गेला होता?”

“बार्शी. तिनं एकदाच विचारलं, म्याबी एकदाच व्हय म्हणलं.” त्या खाली बसून बुटांच्या नाड्या सोडू लागल्या. “म्होरं त्येंचं त्ये गेले. पण बार्शीपतुर म्या गेले न्हवं मिशनला?”

मी उठलो आणि विचारलं, “बाई, चहा टाकू?”

“टाक.”

सवयीनं मी पुन्हा विचारलं, “टाकू ना?”

“आरं, टाक म्हणलं की!” बाई म्हणाल्या. “आता दुसऱ्यांदा कशाला विचारतो?”