रांगून दाखवा

"बाई, जरा रांगून दाखवा."

आमच्याच घरात. आमच्याच फरशीवर. समोर तलाठी मोबाईल धरून उभा. दारात त्याच्यासंगं आलेला कोतवाल, आन् खिडकीतनं निम्मी गल्ली आत बघती. मी खाली बसलेली. माझी कुबडी आईनं आतल्या खोलीत लपवलेली.

अशी का बसले होते ते सांगते. सांगताना आजबी तोंड कडू पडतं.

माझा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. टेंभुर्णीजवळच्या गावात भावाच्या घरी राहते, बायकांच्या साड्यांना फॉल लावते. सरकारचा निराधार पगार यायचा. थोडकाच. पण माझं औषध, माझा साबण त्यात निघायचा. वहिनीपुढं हात पसरावा लागायचा न्हाय. घरात मी मान वर करून जेवायची ती त्या पगारावर.

मग चौकशी निघाली. कुणाचं उत्पन्न मर्यादेच्या वर हाय, ते घरोघर जाऊन बघायचं. साहेब येणार म्हणल्यावर आमी काय केलं? पाव्हणा येतोय म्हणून घर लख्ख केलं. शेजारणीकडनं दोन खुर्च्या आणल्या, फुलाफुलाच्या कपबशा आणल्या. मी भावाच्या लग्नातली साडी इस्त्री करून नेसले. आईनं दुधाचा च्या केला, संगं पोहे. दारात आलेल्याला उपाशी धाडायची आमच्यात रीत न्हाय. तलाठ्यानं पोहे दुसऱ्यांदा मागून खाल्ले.

आन् लिहून काय नेलं? घरची परिस्थिती चांगली, फर्निचर आहे. भावाच्या उसाचं बिलबी माझ्याच उत्पन्नात धरलं. ऊस माझा न्हाय, रान माझं न्हाय, खुर्च्या तर शेजारणीच्या. विचारलं कुणी? पगार बंद. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा माणूस म्हणीत ऐकला होता, तो आमच्याच घरी च्या पिऊन गेला.

गावात बंगलेवाल्या एका म्हातारीला हाच पगार चालू हाय. तिच्या दारापुढं ह्या साहेब लोकांची गाडी हळू होते, आत नमस्कार होतो आन् पुढं जाते. तिचं फर्निचर कुणाला दिसत न्हाय.

भावानं लई हातापाया पडून दुसरी तपासणी मागितली. कोतवाल येऊन हळूच सांगून गेला, "ह्या बारीला जरा गरीब दिसा की."

आईनं गॅसवर पोतं टाकलं. मला फाटकं नेसवलं, माझे इंचरलेले केस तिनंच विस्कटले. "पगारासाठी बस गं बाई," म्हणली. बसले. अंगावर पाल चढल्यागत वाटत होतं.

आन् आता हा म्हणतोय, रांगून दाखवा.

"व्हिडिओ वर पाठवायचा असतो," तलाठी म्हणला. "तोंड इकडं करा."

मी हात फरशीला टेकले. खरंच टेकले.

"हां, असंच. लाचार दिसलं पाहिजे."

ह्या माणसाला मी बशीत वाढून दिलं होतं. शी.

"आई, कुबडी आण."

आई हलली न्हाय. मी परत म्हणलं. तिनं आणली. सगळ्यांदेखत उठले, केस मागं सारले, उभी राहिले.

"साहेब, पाय गेलाय म्हणून पगार मागते. लाज गेली म्हणून न्हाय. काढायचा तर असा काढा व्हिडिओ."

"मग मी अपात्र लिहितो."

"ल्ह्या. आन् रांगायला लावलं, तेबी ल्ह्या. मी सही करते."

त्यानं मोबाईल खिशात घातला. निघून गेला.

पगार सुरू झाला न्हाय. आई कितीतरी दिवस माझ्याशी नीट बोलली न्हाय. साबणाला पैसे वहिनीकडं मागते, आन् मागताना जीभ जड होते. खोटं कशाला सांगू? पण माढ्याला तहसीलात जाऊन तक्रार दिली. उत्तर आलं न्हाय तर सोलापूरला कलेक्टरकडं जाणार.

पलीकडच्या गल्लीत एक मावशी हाय, दोन्ही डोळ्यांनी आंधळी. सोमवारी तिची तपासणी. तिची सून आत्तापासनं शिकवतीय, भिंतीला धडकून दाखवा म्हणून. सोमवारी सकाळी मी तिच्या दारात जाऊन बसणार. धडकून दाखवा असं जो कुणी म्हणंल, त्याला उंबऱ्याच्या आत येऊ देणार न्हाय.