सुरवात कुणी घेतलीय का?

गाण्याचा कार्यक्रम संपला की हॉलच्या पायऱ्यांवर अण्णा तुमची बाही धरायचे. ओळख असो वा नसो. दोन बोटांत शर्टाची बाही पकडून मोठ्यानं विचारायचे, "पावणं, सुरवात कुणी घेतलीय का?"

नवखा माणूस घाबरून खिसे चाचपायचा. मग शेजारचा कुणीतरी समजावून सांगायचा, की अण्णांना गाण्याच्या सुरुवातीचा व्हिडिओ हवाय. त्यानं मान हलवली की अण्णा म्हणायचे, "टाका की मग ग्रुपवर," आणि बाही सोडून पुढच्याची धरायचे.

कोल्हापुरातल्या आमच्या लहानशा संगीत मंडळाचा मी सेक्रेटरी. कागलच्या कारखान्यात ऑफिसचं काम करून एसटीनं परत यायचं आणि मग सतरंज्या, माईक, हार, पाहुण्यांचा चहा बघायचा. हे पद मी मागितलेलं नव्हतं. एका सभेला मी गैरहजर राहिलो आणि माझी एकमतानं निवड झाली. मंडळाच्या मोबाईलवरच्या ग्रुपची व्यवस्थाही मग ओघानं माझ्याच गळ्यात आली.

तुम्हीही असल्या एखाद्या ग्रुपवर असालच, त्यामुळे फार सांगायला नको. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाईल उघडला की फोटोंचा नुसता पूर आलेला असतो. रांगोळीचा फोटो, समईचा फोटो, गायिकेच्या साडीचा फोटो, गायिकेशेजारी उभं राहून काढलेला स्वतःचा फोटो. मग व्हिडिओ. सगळे अर्ध्या-पाऊण मिनिटाचे आणि सगळे द्रुत तानेचे. पुढच्याचं डोकं मध्ये, व्हिडिओ घेणारा ताल धरतोय, त्याचा हात हलतोय म्हणून गायिकाही हलतेय. खाली टाळ्या वाजवणारे पिवळे हात. मी आता ते उघडून बघतही नाही. सगळं निवडतो आणि मोबाईलमधून काढून टाकतो. गाणं ऐकून आलेला शीण एकवेळ रात्रीच्या झोपेनं जातो, पण हा शीण जात नाही.

अण्णा मात्र एकेक व्हिडिओ उघडून बघायचे आणि खाली लिहायचे, "झकास. पण ही मधनंच हाय. सुरवात कुणी घेतलीय का?"

सुरुवात कुणीच घेतलेली नसायची. सुरुवातीला तानपुरे लागत असतात, लोक खुर्च्या शोधत असतात, गायिका खालच्या षड्जाभोवती सावकाश फिरत असते. त्यात टाळ्या मिळण्यासारखं काही नसतं, मग त्यासाठी हात वर करून कोण बसणार? आमचे उपाध्यक्ष एकदा वैतागून म्हणाले, "अहो अण्णा, सुरुवातीत बघण्यासारखं असतं काय?" अण्णा म्हणाले, "बघाय कोण मागतंय? ऐकाय पायजे."

अण्णांची मार्केट यार्डात गुळाची अडत होती. मूळ घर हातकणंगल्याकडचं, जैन, शेती सांभाळून व्यापारात उतरलेलं. अडत मुलाच्या हाती गेली तरी अण्णांच्या खिशात कागदात बांधलेला गुळाचा खडा कायम असायचा. गायक असो, तबलजी असो, माईकवाला असो, भेटला की त्याच्या हातावर खडा पडायचा. डोक्यावर कडक पांढरी टोपी. ती काढलेली आम्ही कुणी बघितली नव्हती. कार्यक्रम संध्याकाळचा असला की ते सूर्य बुडायच्या आत जेवून सगळ्यांच्या आधी हॉलवर हजर व्हायचे आणि पहिल्या रांगेत उजवीकडच्या कडेला बसायचे. मध्यंतरात आम्ही वड्यावर तुटून पडलो की ते खुर्चीतूनच ओरडायचे, "सावकाश खावा की. गाणं पळून जाईना!"

त्यांचं बोलणं ओरडूनच असायचं. कोल्हापुरात त्याचं कुणाला विशेष वाटत नाही. दाद द्यायचे तीही मोठ्यानं, पण सगळ्यांच्या 'वा' नंतर किंचित उशिरा. आम्ही त्याला 'अण्णांची जादा फेरी' म्हणायचो.

आमच्याकडे फार वर्षांपूर्वी गाऊन गेलेली एक गायिका होती. अण्णांची सगळी भक्ती त्या बाईंवर. बाईंचं नाव निघालं की ते बोलायचे थांबायचे आणि कानाच्या पाळीला हात लावायचे. मागच्या वर्षी बाईंची एक क्लिप फिरत फिरत आमच्या ग्रुपवर आली. दुसऱ्या कुठल्या तरी गावचा कार्यक्रम होता. वरच्या षड्जावर बाईंचा आवाज फाटला होता आणि कुणीतरी नेमका तेवढाच तुकडा कापून सगळीकडे पाठवला होता. खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे. आमच्यातल्याही काहींनी तसलेच चेहरे चिकटवले. त्या चेहऱ्यांच्या खाली अण्णांनी लिहिलं, "वा वा! काय ते गाणं. बाई म्हंजे देवमाणूस."

लोकांना वाटलं अण्णांनी भारीच टोमणा मारला. त्यावर आणखी चेहरे आले. मला ते आवडलं नाही, पण सकाळची एसटी गाठायची होती. मी मोबाईल खिशात टाकला.

यंदा बाई आमच्याकडे गायला तयार झाल्या. अट एकच होती. हॉलमध्ये कुणीही मोबाईलवर काही घ्यायचं नाही, एक फोटोसुद्धा नाही. मी ग्रुपवर तसं कळवलं. त्याच रविवारी सकाळी अण्णा माझ्या घरी आले. हातात गुळाची आख्खी छोटी ढेप होती, तेव्हाच मी ओळखलं की काम मोठं आहे.

"सेक्रेटरी, तुमचा तो नियम वाचला. तरीबी एकानं तरी सुरवातीपासनं घ्यायचं. मोबाईल हलवायचा न्हाय, मधनं उठायचं न्हाय. तुमीच घ्या की."

"अण्णा, बाईंची अट आहे. नाही घेता येणार."

"आं?"

मी पुन्हा सांगितलं. पुन्हा "आं?" झालं. तिसऱ्यांदा मी इतक्या जोरात सांगितलं, की कोण भांडायला आलंय ते बघायला बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. ती आत गेल्यावर अण्णा हळू आवाजात बोलले. त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"मला हॉलात काय बी ऐकू येत न्हाय ओ."

मी खुर्ची त्यांच्या कानाजवळ ओढली.

"वरचा आवाज तर कवाच गेला. खालचा तेवढा ऱ्हायलाय, त्यो बी हॉलात नुसता घुमतोय. कानातलं यंत्र लावलं की टाळ्या तेवढ्या लई भारी ऐकू येत्यात. पण घरात दार लावून, पोरानं आणलेलं ते मोठं कानावरचं घालून बसलो, की बाईंचं खालचं गाणं अजून कळतंय. डॉक्टर म्हणतोय, ते बी आता जाणार. जायाच्या आत एकदा सुरवात ऐकायची हाय. बास. दुसरं काय मागत न्हाय."

"मग हॉलवर येता कशाला?"

"पुढची खुर्ची रिकामी दिसली की गाणाऱ्याला कसं वाटंल?"

"आणि 'वा' म्हणता ते?"

"तबलजीच्या मानंकडं बघतोय. ती हालली की म्हणतोय."

मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. एका माणसासाठी बाईंना विचारून बघावं असं मनात आलं, पण फोनवरचा त्यांचा थकलेला आवाज आठवला. "लोक जपून ठेवतात ते गाणं नाही हो, चूकच ठेवतात," असं त्या म्हणाल्या होत्या. अट का घातली ते अण्णांना सांगणं भाग होतं. मी त्यांना त्या क्लिपबद्दल सांगितलं. त्यांना ती आठवेना, म्हणून ग्रुपवर मागं जाऊन शोधून दाखवली. अण्णांनी मोबाईल कानाला लावला, मग डोळ्यांसमोर धरला, पुन्हा कानाला लावला.

"ह्यात काय हाय?"

"आवाज फाटलाय, अण्णा. त्यालाच लोक हसतायत."

ते खालचे चेहरे एकेक करून बघत गेले. "मला वाटलं, लोकास्नी आनंद झालाय," ते म्हणाले. मग त्यांना त्यांचंच 'वा वा' दिसलं. मोबाईल त्यांनी माझ्या हातात न देता टेबलावर उपडा ठेवला.

"म्हंजे बाईंची फजिती झाली, आनि मी वा म्हटलो?"

चहा आला होता, तो तसाच ठेवून ते उठले. दारात चपला घालताना म्हणाले, "कुणी घ्यायचं न्हाय. कुणी म्हंजे कुणी." स्वतःच्या मागणीबद्दल त्यानंतर त्यांनी एक शब्द काढला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी अण्णा पहिल्या रांगेत बसलेच नाहीत. आपल्या खुर्चीवर त्यांनी मुलाला बसवलं आणि स्वतः भिंतीकडेच्या खांबापाशी, स्टेजकडे पाठ करून उभे राहिले. मी माईकवरून सूचना दिली, ती कुणी मनावर घेतली नाही. आमच्या सूचना कुणी मनावर घेत नाही, त्याची मला सवय आहे. पण अण्णांची सवय लोकांना नव्हती. "ओ पावणं, खिशात घाला. ताई, पर्समधी जाऊ दे ते. न्हाय न्हाय, टाइम बघायचा तर मला इचारा, माझ्याकडं घड्याळ हाय." तानपुरे जुळेपर्यंत हॉलभर हेच चाललं होतं. बाईंनी डोळे उघडून एकदा बघितलं आणि पुन्हा मिटले.

बाईंनी पूरिया लावला. खालच्या सुरांत, अगदी सावकाश. थकलेला आवाज होता, पण तो थकवासुद्धा त्यांनी गाण्यातच घेतला होता. मला वाटतं कित्येक महिन्यांत मी तेव्हा पहिल्यांदा सगळं विसरून गाणं ऐकलं. ती सुरुवात हॉलमधल्या सगळ्यांना मिळाली. जिला शोधत जो माणूस इतकी वर्षं लोकांच्या बाह्या धरत होता, तो मात्र पाठ फिरवून लोकांच्या मांडीवरचे मोबाईल बघत उभा होता.

अंतरा सुरू झाला आणि आमच्या उपाध्यक्षांना राहवलं नाही. त्यांनी मोबाईल वर काढला. मंडळाच्या उपाध्यक्षाला नियम नसतात अशी त्यांची समजूत आहे. अण्णांनी लांबून बघितलं. ओरडता येत नव्हतं, रांगेत शिरायला वेळ नव्हता. ते मागच्या रांगेतून वाकले, डोक्यावरची टोपी काढली आणि त्या मोबाईलवर घातली. अण्णांचं टक्कल आम्ही सगळ्यांनी तेव्हा प्रथम पाहिलं. त्याच वेळी वरच्या षड्जावर बाईंचा आवाज फाटला. बाई थोड्या हसल्या, थांबल्या आणि तो सूर पुन्हा घेतला. अण्णांना यातलं काही कळलं नाही. ते टोपी धरून वाकलेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपाध्यक्षांचा फोन आला. "चित्र नुसतं पांढरं आलंय हो, पण आवाज स्वच्छ आलाय. तो फाटलेला सूरसुद्धा. गंमत म्हणून टाकू का ग्रुपवर?"

मी त्यांना अण्णांच्या कानांचं सांगितलं आणि ते पाठ करून का उभे होते तेही. ते म्हणाले, "काढून टाकतो." त्यांनी काढूनही टाकलं. टोपीनं आवाज अडत नाही, हे मी अण्णांना कधीच सांगितलं नाही.

त्या सकाळी ग्रुपवर एकही फोटो नव्हता, एकही व्हिडिओ नव्हता. इतकी शांत सकाळ मला कितीतरी दिवसांत मिळाली नव्हती. मग अण्णांचा निरोप उमटला. "काल बाई काय गायल्या, कसं गायल्या, कुणीतरी लिवा की. सुरवातीपासनं."

त्याखाली भराभर उत्तरं आली. "अण्णा, तुम्ही तिथंच होता की!" "अण्णा झोपलेले वाटतं!" आणि पुन्हा तेच हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे.

मला बोटानं मोबाईलवर लिहायचा मनस्वी कंटाळा आहे. पण एसटीत कागल येईपर्यंत आणि पुढं जेवणाच्या सुट्टीत मी अण्णांना एकट्यांना लिहून पाठवलं. तानपुरे कसे जुळले, बाईंनी पहिला षड्ज कसा लावला, त्याच्याखाली कुठपर्यंत उतरल्या, किती वेळ तिथंच राहिल्या. मी काही समीक्षक नव्हे, जमेल तसं लिहिलं. शेवटी लिहिलं, "अंतऱ्यात वरच्या षड्जावर आवाज जरा फाटला, पण बाईंनी हसून पुन्हा घेतला आणि तो सुंदर लागला."

थोड्या वेळानं उत्तर आलं. "लई झ्याक लिवलंय सेक्रेटरी. सुरवात ऐकल्यागत झालं. ते फाटल्याचं तेवढं खोडा की. माझ्या फोनात नको."

मी तो निरोप काढला, तेवढी ओळ गाळली आणि पुन्हा पाठवला. "आता ठीक," अण्णांनी लिहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात अण्णा गेले. ग्रुपवर दिवसभर जोडलेले हात येत राहिले. श्रद्धांजलीसाठी उपाध्यक्षांनी अण्णांचा फोटो मागितला, तेव्हा लक्षात आलं की तो मंडळात कुणाकडेच नाही. इतकी वर्षं सगळ्यांचे मोबाईल स्टेजकडे होते.

कार्यक्रम अजून होतात. पायऱ्यांवर आता माझी बाही कुणी धरत नाही. परवा एका तरुण गायकाच्या वेळी मी मोबाईल मांडीवर ठेवून, न हलता, सगळी सुरुवात घेतली आणि मग ती कुणाला पाठवायची हे मला सुचलं नाही.

हे लिहिताना तो फाटलेला सूर मी पुन्हा लिहिलाय, ते अण्णांना आवडलं नसतं. म्हणून बाईंचं नाव तेवढं इथं घातलेलं नाही.