अधिक महिन्याचे बूट

माझ्या आईला, म्हणजे फान छ्याओयुनला, झेंगझोऊच्या कापडगिरणीत सगळे टरकून असत. तीस वर्षं तिनं मागांच्या खडखडाटात उभ्यानं काढली. त्या खडखडाटावर चढवलेला आवाज घरीही कधी खाली आला नाही. अशी बाई एकाच गोष्टीला भ्यायची, दवाखान्याला. मधुमेहानं माझ्या मोठ्या मावशीच्या पायाचं बोट काळं पडलं, ती दाखवायला गेली आणि गुडघ्याखालचा पाय तिथंच ठेवून घरी आली. पुढं वर्षही काढलं नाही तिनं. साखर आईलाही आहे, पण त्यानंतर तिनं ती तपासायला जाणंच सोडलं.

आमच्याकडे चिनी पंचांगातला अधिक महिना आला की लेकीनं आईला नवे बूट घ्यायचे आणि आपल्या हातानं तिच्या पायात चढवायचे. त्यानं आईचं आयुष्य वाढतं म्हणतात. एरवी अधिक महिन्याच्या पहिल्याच दिवशी आईचा फोन यायचा, विसरली नाहीस ना म्हणून. यंदा मीच तीनदा विचारलं. एकदा तिचा गुडघा दुखत होता, एकदा ऊन फार होतं, एकदा कुणी पाहुणे येणार होते. महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा मी बाबांना सांगितलं, तिला घेऊन बाजारात या, नाहीतर मी येऊन उचलून नेते.

ती आली ती जाड मोजे आणि बाबांचे जुने कापडी बूट घालून. अंगाची लाही होत होती. माझी नऊ वर्षांची श्याओमान म्हणाली, "आजी, बर्फ पडणार आहे का?" आई हसली नाही. मला ते तेव्हाच खटकलं होतं. पण सुट्टीचा दिवस, लेकीची शाळा उघडायची होती, मी तिकडं दुर्लक्ष केलं. त्याची मला आजही लाज वाटते.

आधी श्याओमानचं दप्तर घेतलं. दुकानदाराला घाम फोडल्याशिवाय आई कधी काही घेऊ देत नाही. त्या दिवशी ती दाराबाहेरच्या स्टुलावर बसून राहिली. मग बुटांच्या दुकानात तिनं एकोणचाळीस नंबर मागितला. जन्मभर सदतीस घालणारी बाई. वयानं पाय पसरतात, म्हणाली. मी खाली बसून तिच्या डाव्या बुटाला हात घातला, तर तिनं पाय झटकन मागं घेतला.

"इथं नको. चारचौघांत पाय कसले उघडे करायचे?"

"गिरणीच्या नळावर पाय धुवायचीस सगळ्यांदेखत. आजच बरी लाज आठवली."

"घरी घाल म्हटलं ना, पोरी."

हे ती हळू बोलली. आईला हळू बोलताना मी त्याआधी ऐकलंच नव्हतं. शिवाय मोज्याला औषधी तेलाचा वास येत होता, आणि त्याच्या आड आणखी एक, गोडसर. मी घाबरले, आणि घाबरले की मला राग येतो. पैसे देऊन खोकं तिच्या मांडीवर आदळलं आणि जेवायला चला म्हटलं.

मटणाच्या रश्शातल्या रुंद शेवयांचं आमचं ठरलेलं दुकान. आई साखरेत मुरवलेला लसूण सोलत बसली आणि बाबा तिच्यापुढची बशी हळूच लांब सरकवत होते. वाडगे आले. श्याओमान आजोबांना दप्तराचा कप्पा दाखवायला वळली, दप्तराचा धक्का लागला आणि उकळता रस्सा भरलेला वाडगा आईच्या डाव्या पायावर उलटला. श्याओमान किंचाळली. बाबा खुर्ची मागं सारून उठले.

आई लसूण सोलत होती.

"काय झालं?" तिनं विचारलं. मग आम्ही सगळे कुठं बघतोय ते तिनं पाहिलं. तिच्याच मोज्यातून वाफ निघत होती. तेव्हा कुठं ती म्हणाली, "आई गं."

मी बूट उपसला, मोजा काढला. आत बाबांच्या बनियनची चिंधी गुंडाळलेली. तिच्याखाली काळं पडलेलं बोट, आणि तळव्याला अंगठ्याचं टोक मावेल एवढी जखम. महिनाभर ही दिवा मालवून पाय धुते, बाबा म्हणाले, मला वाटलं वीज वाचवते.

"आई, मला सांगायचं तरी."

"तुझ्या मावशीनं सांगितलं होतं," ती म्हणाली.

उठायच्या आधी तिनं खोकं उघडायला लावलं. महिना आज संपतो, म्हणाली. मी उजव्या पायात बूट चढवला. नाडी बाबांनी बांधली. डावा बूट ती टॅक्सीत छातीशी धरून बसली आणि दवाखान्याच्या रांगेतही कुणाच्या हातात देईना.

डॉक्टर माझ्याहून लहान होता. त्यानं नायलॉनचा बारीक, ताठ दोरा काढला. आजी, डोळे मिटा, म्हणाला, मी पायाला हा टोचत जाईन, जिथं कळेल तिथं सांगा.

आईनं डोळे घट्ट मिटले. बूट आणखी आवळून धरला.

"कळतंय," ती म्हणाली. "कळतंय. इथंही कळतंय."

डॉक्टरनं माझ्याकडं पाहिलं. त्याच्या हातातला दोरा अजून तिच्या पायाला लागलाच नव्हता.