बॅनशी आमच्याच घरातली

कोरोनात आई ऑस्ट्रेलियात, टूवूंबाला माझ्याकडे अडकली. आली होती तीन महिन्यांसाठी. सीमा बंद झाल्या आणि राहिलीच. एका दुपारी साताऱ्याहून फोन आला, मामा गेला. तिचा एकुलता एक भाऊ. आई स्वयंपाकघरात फतकल मारून बसली आणि तिनं हेल काढला, "माझ्या दादा रं, माझं माहेर बुडालं रं!"

मी आधी काय केलं असेल? धावत जाऊन खिडक्या लावल्या. भिंतींना कान असतात म्हणतात; आमच्या लाकडी घराच्या भिंतींना तर कानच कान. "आई, हळू. कोणीतरी पोलिसांना बोलवेल." तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. त्यानंतर ती रडलीच नाही. नीट जेवेनाही.

दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी शेजारच्या आजी दिसल्या. मूळच्या आयर्लंडच्या, ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या. चेहरा पांढराफटक. त्यांच्याकडे म्हणे घरातलं कोणी जाणार असलं की बॅनशी नावाची बाई रडते. दिसत नाही, फक्त ऐकू येते. "काल मी तिला ऐकलं," त्या म्हणाल्या. "आता माझा नंबर."

"ती माझी आई होती," एवढंच म्हणायचं होतं. पण माझ्यासारख्या इंजिनिअर साहेबांची आई गावच्या बायांसारखी गळा काढते, हे सांगायला जीभ रेटेना. "कुठलातरी पक्षी असेल," मी म्हणालो.

आजींनी कोंबड्या देऊन टाकल्या. मग कपाटं रिकामी करून खोकी पोर्चमध्ये आणून ठेवायला लागल्या. मी खिडकीतून बघायचो आणि गप्प बसायचो. शेवटी आईनंच विचारलं, "त्या म्हातारीला झालंय तरी काय?" मी सगळं सांगितलं, पक्ष्यासकट. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चपला सरकवून आई तडक कुंपणापाशी गेली आणि छातीवर हात ठेवून म्हणाली, "मी रडले होते. भाऊ गेला माझा." मग माझ्याकडे वळून, "सांग त्यांना."

मी मान खाली घालून सांगितलं.

आजी आधी हसल्या, मग त्यांनी डोळे पुसले. "आमच्याकडेही पूर्वी बायका मेलेल्यासाठी अशाच रडायच्या. मी गेले की ही माझ्यासाठी रडेल का, विचार."

मी विचारलं.

"रडीन की," आई म्हणाली. "फक्त म्हणावं, माझ्या लेकाला आत्ताच बजावून ठेवा, तेवढा वेळ खिडक्या लावायच्या नाहीत."

तेही इंग्रजीत मलाच सांगावं लागलं.