अनव्हायडेबल मुकादम

दोन्ही तळहात आभाळाकडे करायचे, मान जराशी तिरकी करायची आणि म्हणायचं, “अनव्हायडेबल!” एवढं झालं की आमचे मुकादम गप्प. सोलापूरच्या एका गिरणीत ते विणकाम खात्यावर होते, मी कचेरीत कारकून.

शब्द त्यांना गोऱ्या मॅनेजरकडून मिळाला. एकदा बॉयलर बिघडून सगळे माग बंद पडले. साहेब तेवढा शब्द बोलले आणि चहाला निघून गेले.

“काय म्हनला वो सायब?” मुकादमांनी मला विचारलं.

“टाळता न येणारी गोष्ट, असं.”

“मंजे कुनाला बोलनी न्हाईत?”

“नाहीत.”

“लई झ्याक शब्द हाय की!”

तेव्हापासून उशिरा येणं अनव्हायडेबल, दुपारची डुलकी अनव्हायडेबल. बाजारातून कोथिंबीर आणायला विसरणंसुद्धा. मग त्यांच्या बायकोनंही शब्द उचलला आणि घरच्या भाकरी करपू लागल्या.

पण खरी गंमत त्यांच्या लेकीच्या लग्नात झाली. वऱ्हाड मैंदर्गीचं, मुकादमांसारखंच घरात कानडी बोलणारं. अक्षता पडायच्या वेळी देवाला सोडलेला एक बैल, त्यांचा बसवण्णा, मांडवात शिरला आणि नवरा-नवरीच्या पाटांवरच बसला. वैरण दाखवली, शेपूट पिरगाळली, बसवण्णा ढिम्म. व्याही भडकले. “उठवा त्याला, न्हायतर आमी निगालो!”

मुकादमांचे तळहात वर गेले. “अनव्हायडेबल! बैल ऱ्हाऊ द्या. मांडव हलवा.”

आणि मांडव हलला हो! गिरणीतल्या लोकांनी खांब उपटले, छत तोलत रस्त्यावर आणलं आणि तसेच उभे राहिले. आहेर द्यायला आलेल्या मॅनेजरसाहेबांच्या हातीही एक खांब आला.

“हे टाळता आलं नसतं व्हय?” व्याही अजून धुसफुसत होते.

“टाळता आलं असतं, तर तुमाला नसतं का टाळलं?”

मग व्याही असे हसले, की त्यांचा पटका सुटला. त्या हशातच अक्षता पडल्या.

वऱ्हाडाची गाडी निघाली तेव्हा मात्र मुकादम चाकाला धरून उभे राहिले. कुणाला पुढे जाऊ देईनात. समजूत घालावी म्हणून मी हळूच त्यांचाच शब्द म्हटला.

“गप बसा!” ते ओरडले. “माजी लेक हाय ती!”

पुढे मुकादमांची बायको गेली, नोकरी सुटली. त्यांनी एकटं राहू नये म्हणून व्याही स्वतः त्यांना न्यायला आले. गाडीत बसल्या बसल्या दोघे कानडीत भांडू लागले. ऊन कडक होतं. व्याह्यांनी भांडता भांडता छत्री उघडली आणि सगळी सावली मुकादमांवर धरली.